उथळ काठ

पालम तालुक्याच्या नशिबी पाणी दोन तऱ्हांचं आहे. उत्तरेला गोदावरी वाहते. दिग्रसच्या उच्च पातळी बंधाऱ्यामुळे तिथं उन्हाळ्यातही पाणी तुंबून राहतं आणि काठच्या गावांत ऊस डोलतो. नदीच्या पात्रातलं जांभूळबेट तर आमच्या तालुक्याचं भूषणच. जांभळाची गर्द झाडी, चहूबाजूंनी पाणी आणि आत मोरांचा आवाज. दक्षिणेला मात्र बालाघाटच्या डोंगररांगेच्या सोंडा उतरत येतात आणि तिथं पाणी म्हणजे फक्त पावसाळा. लेंडी आणि गळाटी या नद्या एका रात्रीत चढतात, गावांचा संपर्क तोडतात, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांचे फोटो येतात. वैशाखात त्याच पात्रांतून शेरडं-मेंढरं चालत जातात. पाहुणे आले की आम्ही त्यांना गोदावरी दाखवतो, जांभूळबेट दाखवतो. माळावरच्या पाझर तलावाकडे कुणी कुणाला नेत नाही. मला त्या तलावाबद्दल लिहायचं आहे.

आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला, जिथं काळी संपून मुरमाड सुरू होतं, तिथं नाल्याला आडवा मातीचा बांध घातलेला आहे. हा बांध १९७२च्या दुष्काळातला. माझी आजी त्यावर पाट्या वाहायला होती. त्या वर्षी मराठवाड्यात पेरलेलं उगवलं नाही आणि उगवलेलं हाती लागलं नाही. परदेशातून आलेल्या मिलोची लाल भाकर आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्यावर माणसं तगली. मे १९७३मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. कुणी खडी फोडत होतं, कुणी रस्ते करत होतं, कुणी पाझर तलावांवर माती ओढत होतं. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेला त्या दुष्काळानं राज्यभर बळ दिलं, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. ज्या वर्षी हा बांध उभा राहिला त्याच १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झालं. एकीकडे शेतीची विद्या शिकवायची सोय होत होती आणि तिथून काही कोसांवर शेतकऱ्यांच्या बायका पोटासाठी डोक्यावरून माती वाहत होत्या.

आजी म्हणायची, “लेकरा, त्या बांधात माझी दोन लुगडी फाटलीत.” बांध कसा घातला हे ती इतकं नेमकं सांगायची की पुढे मी अभियंत्यांकडून जे ऐकलं त्यात मला नवीन असं फार थोडं वाटलं. आधी नाल्यात आडवा चर खणायचा. मऊ मुरूम, मांजऱ्या, सगळं काढत जायचं आणि घट्ट थर लागला की थांबायचं. मग तो चर काळ्या मातीनं भरायचा आणि तीच काळी माती बांधाच्या पोटात गाभा म्हणून वर नेत राहायची. काळी माती पाणी धरते, पण वाळली की भेगाळते. म्हणून तिला दोन्ही अंगांनी मुरमाचं जाड पांघरूण घालायचं. एकेक थर वीतभर जाडीचा. त्यावर पाणी शिंपडायचं आणि धुम्मसानं ठोकायचं. गडबडीत ठोकणी कमी झाली तर मुकादम तो थर उकरून पुन्हा टाकायला लावायचा आणि बाया त्याला शिव्या द्यायच्या. आज पन्नासहून अधिक पावसाळे झेलून तो बांध उभा आहे तो त्या खडूस मुकादमामुळे आणि त्या शिव्या देणाऱ्या बायांमुळे. पाण्याच्या बाजूला दगडांचं पिचिंग आहे, लाटांनी माती धुपू नये म्हणून. आणि एका टोकाला, भरावात नव्हे तर मूळच्या कठीण जमिनीत खोदलेला सांडवा आहे. मातीच्या बांधाचं सगळं आयुष्य या सांडव्यावर टांगलेलं असतं. पाणी एकदा का माथ्यावरून वाहायला लागलं की माती तासाभरात वाहून जाते.

या तलावाला दार नाही, कालवा नाही. पाणी अडवायचं, जिरवायचं, आणि खालच्या विहिरींना पाझर फुटेल याची वाट बघायची, एवढंच त्याचं काम. ते त्यानं चोख केलं. बांधाखालच्या विहिरींना अजून इतरांपेक्षा महिना-दीड महिना जास्त पाणी टिकतं. पण माळावरची माती दर पावसाळ्यात तलावात येऊन बसली, आणि आज कागदावर लिहिलेल्या साठ्याचा बराचसा भाग गाळानं खाल्ला आहे. दिवाळीत पाणी काठोकाठ दिसतं. होळीपर्यंत ते मधल्या खोलगट भागात गोळा होतं. मग मराठवाड्याचं ऊन त्यातून रोज सेंटिमीटरभर पाणी नुसतं वाफ करून उचलतं आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास उरतो तो चिखल. पाहणीला येणारे साहेब बांधावर उभे राहून म्हणतात, “हा काही कामाचा राहिला नाही.” गावातलेही हेच म्हणतात.

मला हे मान्य नाही. पाणी साठवण्याच्या हिशोबानं तलाव म्हातारा झाला असेल, पण जिवांच्या हिशोबानं तो आत्ता कुठे भरात आला आहे. गाळ बसत बसत त्याची वरची बाजू, म्हणजे नाला जिथून आत येतो ती बाजू, इतकी उथळ झाली आहे की पाणी आणि जमीन यांच्यात रेघ ओढता येत नाही. घोट्याइतकं पाणी, मग बोटभर, मग ओल, मग चिखल, मग लव्हाळा, मग गवत. माळावरचं बहुतेक जगणं या पट्ट्यावर अवलंबून आहे.

माघ-फाल्गुनात सकाळी दिवस कासराभर वर आला की पखुर्ड्या येतात. कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा हा पक्षी माळावर बसलेला असला तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. दिवसभर कोरडं बी खाऊन राहणाऱ्या या पक्ष्याला रोज पाणी लागतं, आणि त्यासाठी तो कित्येक मैल उडून येतो. आधी आवाज येतो, मग थवा तलावावर एक फेरी मारतो, मग पाण्यापासून थोडा लांब, उघड्या जमिनीवर उतरतो. थोडा वेळ सगळे नुसते उभे. कुठं कोल्हा नाही ना, वर ससाणा नाही ना, याची खात्री झाली की तुरुतुरु चालत काठाला जातात, चार-पाच घोट घेतात आणि भुर्रकन उडतात. सगळं आटपायला दोन मिनिटं लागत नाहीत. पण पिल्लांचे दिवस असले की एखादा नर मागे राहतो. तो पोटापर्यंत पाण्यात शिरतो आणि अंग पुढे-मागे डोलवत राहतो. त्याच्या पोटाच्या पिसांची घडण निराळी असते. कोरडी असताना त्यांचे सूक्ष्म तंतू वेटोळे घालून बसलेले असतात, भिजले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. असं पोट भिजवून तो माळावर पिल्लांकडे जातो आणि पिल्लं त्याच्या पिसांमधून पाणी चोखतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते आफ्रिकेतलं काहीतरी वाटलं होतं. पुढे आमच्याच गाळानं भरलेल्या तलावावर एका नराला पोट भिजवताना बघितलं आणि बांधावर खिळून राहिलो.

आता या पक्ष्यासाठी काठ कसा हवा? उतरता, उघडा, जिथून चालत जाऊन पोटाइतक्या पाण्यात उभं राहता येईल असा. पिचिंगच्या दगडांवरून त्याला पाण्यात उतरता येत नाही. खोल पाण्याचा त्याला उपयोग नाही. जो भाग साहेबांच्या नोंदीत नुकसान म्हणून जातो तोच त्याच्या पिल्लांचा जीव वाचवतो. टिटवीचंही तेच. उघड्या खड्यांवर अंडी घालणारी टिटवी चैत्राच्या उन्हात पोट ओलं करून येते आणि अंड्यांवर बसते. शेकाट्या लांब गुलाबी पायांनी चिखल चाळत फिरतो, तुतवार काठानं शेपूट हलवत धावतो, आणि या दोघांनाही घोट्यापेक्षा जास्त पाणी चालत नाही. सकाळी लवकर गेलं तर रात्रभराचा हिशोब चिखलात लिहिलेला सापडतो. रोह्यांचे खूर, रानडुकरांनी लोळून केलेले खळगे, मोराची तीन बोटं, सशाच्या उड्या, कोल्ह्याची सरळ रेषेतली पावलं. मेंढपाळ मामा एकदा म्हणाले, “लांडगा येऊन गेला की आमची कुत्री त्या चिखलाजवळ जात न्हाईत, बघा.” मी लांडगा पाहिलेला नाही. मामांच्या कुत्र्यांवर माझा विश्वास आहे.

तलाव आटतो ही त्याच्याविरुद्धची सगळ्यात मोठी तक्रार. ती माणसांच्या बाजूनं खरी आहे. उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरणाऱ्या बाईला आटलेल्या तलावाचं कौतुक सांगण्याचा हक्क मला नाही. एप्रिल २०१६मध्ये आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आम्ही कुणी विसरलेलो नाही. तरीही आटण्यात एक देणं असतं, आणि ते सांगायला हवं. जे पाणी बारा महिने टिकतं त्यात मासे टिकतात, आणि मासे बेडकांची अंडी, शेपटीची पिल्लं, चतुरांच्या अळ्या सगळं फस्त करतात. जो तलाव दरवर्षी कोरडा पडतो तिथं मृगाच्या पहिल्या पाण्यात या जिवांना मोकळं रान मिळतं. मोठा रानबेडूक आठ-नऊ महिने मातीत गाडून घेऊन पडलेला असतो. पहिला दमदार पाऊस झाला की त्या रात्री तलावाचा काठ हंबरल्यासारखा गाजतो, आणि सकाळी बघावं तर एरवी मातकट-हिरवे असणारे नर हळदीसारखे पिवळेधमक होऊन पाण्यात बसलेले. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगलेल्या. हा रंग चार-दोन दिवसांचाच. मग अंडी, मग काळ्या शेपट्यांची झुंबड, आणि पाणी हटण्याआधी पाय फुटून बाहेर पडण्याची घाई.

त्याच पाण्यात चतुरांची एक जात वाढते. पिवळसर-तांबूस अंगाचा, पावसाळ्यात शेतांवर थव्यांनी घिरट्या घालणारा हा चतुर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याची अळी तात्पुरत्या डबक्यांत साधारण दीड महिन्यात वाढते, आणि पंख फुटले की तो वाऱ्याबरोबर निघतो. मालदीव बेटांवर, जिथं गोडं पाणी जवळजवळ नाहीच, तिथं दर ऑक्टोबरात हे चतुर लाखोंनी कसे येतात याचा माग चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं काढला आणि २००९ साली मांडलं, की हे भारतातून निघून हिंदी महासागर ओलांडत पूर्व आफ्रिकेला जातात. तिकडच्या पावसात त्यांची पुढची पिढी वाढते, आणि तिथून पुन्हा इकडे. आमच्या तलावातून निघालेला एखादा चतुर केनियात पोचत असेल का, हे मला सिद्ध करता यायचं नाही. पण सप्टेंबरच्या संध्याकाळी बांधावर त्यांचे थवे दिसले की माझं लक्ष आपोआप नैर्ऋत्येकडे जातं.

माणसानं माणसासाठी अडवलेल्या पाण्यावर रानानं हक्क सांगावा, ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. पालमहून फार लांब नाही, कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र आहे. हजार वर्षांपूर्वीच्या राजवटीनं बांधलेला तलाव, आणि त्याचं पाणी आजही पक्ष्यांना पुरतं. पैठणच्या जायकवाडीचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक. १९७६ साली पुरा झालेला तो प्रचंड मातीचा बांध सिंचनासाठी घातला, त्याचा डावा कालवा आमच्या परभणी जिल्ह्यात येतो. पण नाथसागर पसरट आणि उथळ निघाला, हिवाळ्यात हिमालयापलीकडून कादंब आणि चक्रवाक उतरायला लागले, आणि १९८६ साली सरकारनं त्याला पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केलं. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वरही असंच. इंग्रजी अमदानीतला कालव्याचा बंधारा, त्यामागे साचलेला गाळ, आणि २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ होण्याचा मान. तिथं गाळ साचला म्हणून पाणथळ झाली आणि पाणथळ झाली म्हणून पक्षी आले. मोठ्या जलाशयांबाबत हे आपण मान्य केलं. माळावरच्या छोट्या तलावांबाबत मात्र आपली नजर अजून साठ्याच्या आकड्यापलीकडे जात नाही.

आणि याच्या अगदी उलट टोकाला शेततळी आहेत. शेततळ्यानं शेतकऱ्याला हात दिला हे खरं, कोरडवाहू माणसाच्या हाताला हक्काचं पाणी आलं. पण पाणी मुरू नये म्हणून त्यात पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरतात, बाजू तीव्र उताराच्या ठेवतात, आणि ती जागा जनावरासाठी सापळा होते. पाणी दिसतं, तहानलेलं हरीण उतरतं, खूर गुळगुळीत कागदावर घसरतात, आणि मग पोहत पोहत दमून बुडण्याशिवाय त्याला मार्ग उरत नाही. कधी रोही, कधी कोल्हा, कधी गावातलंच वासरू, आणि कधी पोहायला गेलेली पोरं. अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. वास्तविक उपाय स्वस्त आहे. भोवती जाळीचं कुंपण घालावं, आणि एका कोपऱ्यात गाठी मारलेला जाड दोर किंवा जुन्या टायरांची शिडी कायमची सोडून ठेवावी. अनुदानाचा शेवटचा हप्ता ही शिडी पाहूनच द्यावा, असं मला फार वाटतं.

यंदा आमच्या तलावातला गाळ काढायचा विषय निघाला आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेनं ही वाट सोपी केली, आणि गाळाला मागणीही भरपूर आहे. मुरमाड रानावर दोन-तीन इंचांचा थर पसरला तर ज्वारी-हरभऱ्याचं रूप बदलतं, हे मी आमच्याच शेतात पाहिलं आहे. म्हणून गाळ काढूच नका, असं मी म्हणत नाही. कुठून आणि कसा काढता, एवढाच माझा आग्रह आहे. मशिनवाल्याला सगळीकडून उभे काठ कापणं सोयीचं असतं. तसं केलं तर तलाव म्हणजे पाण्यानं भरलेली खाण होईल. त्यापेक्षा मधला खोलगट भाग आणखी खोल करावा. बांधाच्या पायथ्यापासून पुरेसं अंतर राखावं, नाहीतर चरातल्या काळ्या मातीला धक्का लागून बांध झिरपायला लागतो. आणि नाल्याकडची उथळ बाजू आहे तशी सोडावी. तिथला लव्हाळा येणारी माती अडवतो, म्हणजे नव्यानं खोल केलेला भागही लवकर भरणार नाही. पखुर्डीचं आणि शेतकऱ्याचं हित इथं एकच आहे.

सगळीकडे ते एक नसतं. आमचे धाकटे चुलते मला म्हणाले, “तुझ्या त्या तळ्यानं रोह्यांची सोय झाली अन् माझ्या हरभऱ्याची वाट लागली.” त्यांचं रान बांधाच्या खालीच आहे. पौषात रात्र-रात्र माचाणावर बसून, डबे वाजवून, बॅटरी फिरवून ते पीक राखतात, आणि तरी पहाटे डोळा लागला की कळप घुसतो. नुकसानभरपाई आहे, पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत तुडवलेलं पीक वाळून जातं. हे दुःख खरं आहे, आणि पक्ष्यांच्या कौतुकानं ते झाकता येत नाही. माझं त्यांना एवढंच म्हणणं होतं, की तळं नसतं तर हीच जनावरं पाण्यासाठी गावाकडे, कठडे नसलेल्या विहिरींकडे आली असती, आणि येताना वाटेत हरभरा लागलाच असता. त्यांना ते पूर्ण पटलं नाही. बांधावरच्या बाभळींबद्दल मात्र आमचं एकमत झालं. मुळं भरावात शिरून मेली की तिथं पोकळी होते, आणि पाणी अशीच वाट शोधत असतं. घोरपडीची आणि उंदरांची बिळंही बुजवायला हवीत, सांडव्याची ढासळलेली बाजू मृगाआधी बांधून घ्यायला हवी.

हे सगळं मिळून ग्रामसभेसाठी एक निवेदन लिहिलं. गाळ मधून काढावा, नाल्याकडची बाजू सोडावी, बांधावरची झाडं काढून टाकावीत, सांडवा दुरुस्त करावा. ट्रॅक्टरवाल्या पोरांनी लगेच सह्या केल्या, कारण त्यांना गाळाशी मतलब आणि मधल्या भागात तो पुष्कळ आहे. चुलत्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, सही केली, आणि खाली स्वतःच्या अक्षरात पाचवी मागणी लिहिली: रोह्यांनी पीक खाल्लं तर आठ दिवसांच्या आत पंचनामा व्हावा. ती मागणी आता निवेदनात सगळ्यात वर घेतली आहे.